दगडामागची काळी पट्टी

किडनी चिरून खडा काढला, टाके घातले, पेशंट सुखरूप घरी गेला; आणि नंतरच्या एक्स-रेत पाहावे तर आणखी एक खडा आत बसलेलाच. १९५०-६०च्या दशकांतल्या यूरॉलॉजिस्टांना हा अनुभव नवा नव्हता. किडनीच्या आत लघवी गोळा करणारे लहानमोठे कप्पे असतात आणि त्यांची तोंडे अरुंद असतात. एखाद्या कप्प्यात डाळीएवढा खडा दडला तर तो सर्जनच्या बोटांना लागतोच असे नाही. ऑपरेशनआधी काढलेल्या एक्स-रेवर तो पांढरा ठिपका स्पष्ट असतो, पण फिल्म सपाट असते. ठिपका किडनीच्या पुढच्या बाजूला की मागच्या, वरून एक सेंटिमीटर खोल की तीन, हे ती सांगत नाही. त्यातून सर्जनने किडनी हातात घेऊन जरा फिरवली की फिल्मवरची जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांचा मेळ सुटतो. मग अंदाजाने सुया टोचून पाहायचे, नाहीतर किडनीला आणखी एक छेद द्यायचा.

१९६१ साली अमेरिकेतल्या जर्नल ऑफ यूरॉलॉजीमध्ये जे. यू. श्लेगेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा तीन पानी लेख छापून आला. किडनीतल्या खड्याची जागा अल्ट्रासाउंडने शोधता येते, असे त्यात दाखवले होते. पडद्यावर किडनीचे चित्र वगैरे काही उमटत नव्हते. एका आडव्या रेषेवर उभे टोक उसळत होते, एवढेच. पण प्रोब टेकवला तिथून दगड किती खोल आहे, हे ते टोक सांगत होते. आज गल्लोगल्ली होणाऱ्या सोनोग्राफीत मुतखडा शोधण्याचे जे काम चालते, त्याची सुरुवात या उसळत्या टोकापासून झाली.

त्याआधीची हजारो वर्षे खडा सापडे तो स्पर्शाने, नाहीतर कानाने. सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. वैद्याने रोग्याच्या गुदद्वारातून डाव्या हाताची बोटे आत घालावीत, मूत्राशयातला खडा चाचपून खाली आणावा आणि मग छेद घ्यावा, असा तो विधी. युरोपात मूत्रमार्गातून धातूची वाकडी सळई मूत्राशयात सरकवून खड्यावर टोकरण्याची पद्धत होती. सर्जन ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकत असे. आवाज आला तर खडा नक्की. नाही आला तर सुरी बाजूला ठेवायची. ही युक्ती मूत्राशयापुरतीच चाले. किडनीतल्या खड्यापर्यंत सळई पोचणे शक्य नव्हते. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे हेन्री मॉरिस यांनी १८८० साली एका चांगल्या चालत्या किडनीतून खडा काढला, तेव्हा त्यांच्या हाताशी लक्षणे, अनुभव आणि बोटे याखेरीज काही नव्हते.

पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, राँटगेनना क्ष-किरण सापडले. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या जॉन मॅकिन्टायर यांनी जिवंत माणसाच्या किडनीतल्या खड्याचे छायाचित्र काढले. जुलै १८९६च्या लॅन्सेटमध्ये त्याचा वृत्तान्त आला. खड्यातले कॅल्शियम क्ष-किरणांना अडवते, म्हणून तो फिल्मवर पांढरा उमटतो. हा हिशोब इतका सोपा होता की पुढची सत्तर-ऐंशी वर्षे मुतखडा म्हणजे एक्स-रे हे समीकरण कोणी मोडले नाही.

एका जातीच्या खड्याने मात्र एक्स-रेला दाद दिली नाही. शुद्ध यूरिक ॲसिडच्या खड्यात कॅल्शियम नसते, त्यामुळे साध्या फिल्मवर तो जवळजवळ दिसतच नाही. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने शिरेतून देता येईल असे आयोडीनयुक्त औषध वापरात आणले. ते किडनीतून लघवीत उतरले की सगळा मूत्रमार्ग फिल्मवर पांढराशुभ्र उठून दिसे आणि त्यात यूरिक ॲसिडचा खडा काळ्या खाचेसारखा उमटे. पण रक्ताची गुठळीही तशीच खाच करते आणि कॅन्सरची गाठही. खाच पाहून खडा म्हणावे की गाठ, हा पेच पुढे पन्नास वर्षे टिकला. त्याचे उत्तर वेगळ्याच दिशेने येत होते.

ती दिशा प्रतिध्वनीची. १८८० मध्ये पॅरिसमध्ये पिएर आणि झाक क्यूरी या भावांना दिसले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार तयार होतो. उलट, वीज दिली की स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणजे एकच स्फटिक आवाज काढूही शकतो आणि ऐकूही शकतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांना हैराण केले, तेव्हा पॉल लाँजव्हँ यांनी याच गुणाचा वापर करून पाण्याखाली ध्वनिलहरी सोडल्या आणि परतणारे पडसाद टिपले. १९४०च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी ही युक्ती लोखंडावर वापरली. ओतकामात भेग असेल तर ध्वनी तिथूनच माघारी येतो, हे त्यांच्या यंत्राने दाखवले.

लोखंडातली भेग सापडते तर मांसातला दगड का सापडू नये? हा प्रश्न अमेरिकन नौदलातल्या जॉर्ज लुडविग यांना पडला. मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत १९४७ पासून ते यावर काम करू लागले. भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस स्ट्रुथर्स त्यांच्या जोडीला होते. पित्ताशयातले खडे कुत्र्यांच्या स्नायूंत आणि पित्ताशयात ठेवायचे आणि बाहेरून ध्वनिलहरी सोडून त्यांचा पडसाद येतो का पाहायचे, असे त्यांचे प्रयोग होते. पित्तखडे आणि शरीरात घुसलेले परके पदार्थ शोधण्यासाठी अल्ट्रासाउंडचा वापर, या विषयावरचा त्यांचा अहवाल १९४९च्या जूनमध्ये तयार झाला. सोनोग्राफी म्हटले की आज गरोदर बाई आणि बाळ डोळ्यांपुढे येतात. पण पडसाद ऐकणारे हे तंत्र बाळापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी खड्याच्या मागे लागले होते.

लुडविग यांनी आणखी एक काम केले, आणि ते आजही प्रत्येक सोनोग्राफी मशीनच्या पोटात आहे. शरीरातल्या मऊ भागांतून ध्वनी किती वेगाने जातो हे त्यांनी मोजले. सरासरी आली सेकंदाला १५४० मीटर. पडसाद परतायला किती वेळ लागला त्याला हा वेग लावायचा आणि निम्मे करायचे, की खोली मिळते. खड्याची जागा सांगणे म्हणजे मुळात एवढा गुणाकार-भागाकार.

यानंतरचे दशक चित्राच्या शोधात गेले. डेन्व्हरमध्ये डग्लस हाउरी यांनी पेशंटला पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्याभोवती प्रोब फिरवणारे यंत्र बांधले. त्यात महायुद्धातल्या बी-२९ बॉम्बर विमानाच्या तोफेच्या बुरुजाचे भाग होते. हाउरींना पाठबळ देणारे जोसेफ होम्स हे मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर. स्कॉटलंडमध्ये प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी जुलै १९५५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घातल्या आणि त्या ग्लासगोजवळच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र होते. त्या यंत्राने पाण्याची गाठ आणि भरीव गाठ वेगळी ओळखली. तीन वर्षांनी, १९५८च्या लॅन्सेटमधल्या त्यांच्या लेखाने अल्ट्रासाउंडला रुग्णालयाचे दार उघडून दिले. ज्या शहरात किडनीचा खडा पहिल्यांदा एक्स-रेवर उमटला, त्याच शहरात हे घडले.

श्लेगेल यांचे काम या टप्प्यावरचे. त्यांचे यंत्र ए-मोडचे होते. एकाच रेषेत ध्वनी जायचा आणि एकाच रेषेतले पडसाद टोकांच्या रूपाने पडद्यावर यायचे. दगडाचे टोक उंच, मांसाची टोके बुटकी. वाचणाऱ्याला सवय असेल तर ठीक. नसेल तर किडनीत शिरलेला हवेचा बुडबुडाही खड्यासारखेच टोक उसळवतो. उघड्या ऑपरेशनमध्ये हवा शिरणारच. त्यामुळे पद्धत खरी ठरली, पण सर्जनांच्या रोजच्या सवयीत काही उतरली नाही.

खरा बदल १९७०च्या दशकात झाला. ऑस्ट्रेलियात जॉर्ज कोसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडसाद किती जोरदार किंवा क्षीण आहे त्यानुसार राखाडी रंगाच्या छटा दाखवायला सुरुवात केली. तोवर चित्र एकतर काळे, नाहीतर पांढरे असे. छटा आल्यावर किडनीचा बाहेरचा थर आणि आतली चरबी वेगळी दिसू लागली. हलती चित्रे दाखवणारी यंत्रेही आली. रॉटरडॅममध्ये निकोलास बोम यांनी अनेक स्फटिक एका ओळीत बसवलेला प्रोब तयार केला. पेशंट श्वास घेतो तशी किडनी वर-खाली होते, ती आता डोळ्यांसमोर सरकताना दिसायला लागली.

आणि या चित्रांत रेडिओलॉजिस्टांना एक विचित्र गोष्ट आढळली. दगड पांढरा दिसे हे अपेक्षितच होते. पण त्या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे, प्रोबपासून दूरच्या बाजूला, एक काळी पट्टी ओढलेली असे. भर उन्हात विजेच्या खांबामागे सावली पडावी तशी. खड्याची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग भोवतालच्या मांसापेक्षा आणि लघवीपेक्षा फारच वेगळा असतो. त्यामुळे बराचसा ध्वनी त्यावर आपटून माघारी येतो, उरलेला आत जिरतो आणि पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. यंत्राच्या दृष्टीने ही उणीवच, कारण त्या पट्टीतला भाग डॉक्टरला दिसत नाही. खडा शोधणाऱ्यासाठी मात्र तीच पट्टी सगळ्यात खात्रीची खूण ठरली. किडनीच्या मध्यभागी चरबीही पांढरीच दिसते; तिथे पांढरा ठिपका पाहून काही ठरत नाही, सावली पाहून ठरते.

१९७८ मध्ये फिलाडेल्फियातल्या हॉवर्ड पोलॅक, बॅरी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी रेडिओलॉजी या मासिकात एक्स-रेवर न दिसणाऱ्या खड्यांबद्दल लिहिले, आणि जुना पेच सुटला. सावली पडायला कॅल्शियम लागत नाही. यूरिक ॲसिडचा खडाही ध्वनी तितकाच अडवतो. गुठळी किंवा गाठ मऊ असते, तिच्यामागे सावली पडत नाही. ज्या पेशंटला केवळ शंकेपोटी कॅन्सरच्या ऑपरेशनला सामोरे जावे लागले असते, त्याला आता पोटावर जेल लावून दोन मिनिटांत उत्तर मिळू लागले.

१९७७ मध्ये येल विद्यापीठाच्या कुक आणि बर्नार्ड लिटन यांनी श्लेगेल यांचा मूळ प्रश्न पुन्हा हाती घेतला. आता त्यांच्याकडे चित्र दाखवणारे यंत्र होते आणि उच्च वारंवारतेचा छोटा प्रोब होता. उघड्या किडनीवर तो प्रोब फिरवून खडा कुठल्या बाजूला, किती खोल हे पाहायचे, त्या जागी सुई घालायची आणि सुईच्या मागोमाग छोटासा छेद द्यायचा, अशी ही रीत. किडनी जितकी कमी कापली जाईल तितकी ती वाचते.

पण हे शहाणपण पक्के होत असतानाच उघड्या ऑपरेशनचेच दिवस भरत आले होते. जर्मनीत फ्रीडरिशहाफेनच्या डॉर्निए या विमानांच्या कंपनीने म्युनिकच्या सर्जनांच्या साथीने बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडणारे यंत्र तयार केले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी क्रिस्टियान शॉसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या पेशंटवर ते वापरले. लहर एका बिंदूवर एकवटते; खडा त्याच बिंदूवर असला पाहिजे, नाहीतर घाव मांसावर बसतो. तो बिंदू साधायला सुरुवातीच्या प्रयोगांत अल्ट्रासाउंड वापरून पाहिला होता, पण १९७०च्या दशकातल्या प्रतिमांवर तेवढा भरवसा टाकता येईना. शेवटी दोन कोनांतून पाहणारी एक्स-रे यंत्रणा जोडावी लागली. पाण्याच्या टबात निजलेला पेशंट आणि दोन बाजूंचे एक्स-रे पडदे ही लिथोट्रिप्सीची, म्हणजे बाहेरून खडा फोडण्याच्या या पद्धतीची, ओळख झाली.

अल्ट्रासाउंडने हे उसने काही वर्षांतच फेडले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या एडॅप आणि जर्मनीतल्या रिचर्ड वोल्फ या कंपन्यांनी अशी यंत्रे आणली, की त्यांत एका वाटीच्या आतल्या बाजूला शेकडो पिझो स्फटिक (दाब आणि वीज यांची अदलाबदल करणारे) बसवलेले असत आणि मधोमध सोनोग्राफीचा प्रोब. खडा शोधायचा तोही स्फटिकाने आणि फोडायचा तोही स्फटिकाने. सगळी किमया क्यूरी बंधूंच्या त्याच शोधाची. किरणांचा धोका नसल्याने डॉक्टर पूर्ण उपचारभर खड्यावर नजर ठेवू शकत. पेशंटने मोठा श्वास घेऊन खडा बिंदूबाहेर गेला की ते लगेच दिसे. एक्स-रेला न दिसणारे खडेही फोडता येऊ लागले.

उघड्या ऑपरेशनशिवाय खडा काढण्याची दुसरी वाट पाठीतून जाणारी. १९७४ मध्ये कोपनहेगनच्या यान फोग पेडरसन यांनी सोनोग्राफीत पाहत पाहत सुई किडनीत घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तुंबलेली लघवी बाहेर काढणे हा तिचा हेतू. दोनच वर्षांनी स्टॉकहोममध्ये फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी अशाच वाटेने थेट खडा बाहेर काढला. त्यांची वाट एक्स-रेच्या मदतीने साधलेली होती आणि पुढेही बहुतेक देशांत तीच चालली. भारतात गुजरातच्या नडियाद इथल्या मुळजीभाई पटेल यूरॉलॉजिकल हॉस्पिटलमध्ये महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी मात्र सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालण्यावर भर दिला. अशी सुई घालताना आतडे किंवा फुप्फुसाचे आवरण वाटेत आले तर तेही पडद्यावर दिसते. एक्स-रेवर ते दिसत नाही.

एका जागी मात्र सोनोग्राफी आजही चाचपडते. किडनीतून निघून मूत्राशयात उतरणारी नळी साधारण वीतभर लांब असते. तिचे वरचे टोक किडनीआडून दिसते. खालचे टोक भरलेल्या मूत्राशयातून दिसते, म्हणून तर सोनोग्राफीआधी ‘भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरा’ असे बजावतात. मधला भाग आतड्यांमागे असतो आणि आतड्यांत हवा असते. हवेतून हा ध्वनी पुढे जात नाही. तिथे अडकलेला खडा प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचे परिणाम दिसतात. किडनीला आलेली सूज त्यातला एक. मूत्राशयात त्या बाजूने उडणारी लघवीची पिचकारी मंदावणे किंवा थांबणे हा दुसरा. रिपोर्टमध्ये ‘खडा दिसला नाही, पण सूज आहे’ असे लिहून येते ते यामुळेच.

या कमकुवत बाजूवर १९९५ मध्ये सीटी स्कॅनने घाव घातला, आणि तोही येलमधूनच. शिरेतून औषध न देता केलेला साधा सीटी नळीतला खडा अचूक दाखवतो, हे तिथल्या डॉक्टरांनी सिद्ध केले. यूरिक ॲसिडचा खडाही त्यात दिसतो. काही वर्षांतच अमेरिकेच्या इमर्जन्सी विभागांत कळा घेऊन आलेल्या प्रत्येकाला थेट सीटीकडे पाठवण्याची रीत पडली. खडा पुन्हा पुन्हा होणारा आजार असल्याने तरुण माणसांना आयुष्यात कित्येकदा हे किरण मिळू लागले.

सीटी आधी की सोनोग्राफी, या वादावर एक मोठी चाचणी झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेबेका स्मिथ-बिंडमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या १५ इमर्जन्सी विभागांत खड्याची शंका असलेल्या २,७५९ पेशंटची तीन गटांत वाटणी केली गेली. एका गटाची सोनोग्राफी इमर्जन्सीच्या डॉक्टरने केली, दुसऱ्याची रेडिओलॉजिस्टने, तिसऱ्याचा सीटी झाला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल छापला. पहिल्याच तपासणीत खडा अचूक पकडण्यात सीटी स्पष्टपणे वरचढ होता: ८८ टक्के, तर सोनोग्राफी ५४ आणि ५७ टक्के. सोनोग्राफीने सुरुवात झालेल्या काही जणांना पुढे सीटी करावाच लागला. पहिल्या गटात दहातल्या चौघांना, दुसऱ्यात चौघांतल्या एकाहून थोड्या अधिकांना. तरीही गंभीर आजार निसटून गुंतागुंत होण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच अत्यल्प राहिले, आणि सहा महिन्यांत मिळालेले किरण सोनोग्राफीच्या गटांत कमी होते. खडा लगेच दिसणे आणि पेशंट सुखरूप राहणे या दोन गोष्टी एकच नसतात, हे आकड्यांत मांडले गेले.

महाराष्ट्रात या यंत्राची गोष्ट आणखी एका वळणावरून जाते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४चा. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३च्या दुरुस्तीनंतर कायद्याची पकड यंत्रांवर आली. जे यंत्र किडनी दाखवते ते गर्भही दाखवू शकते. म्हणून केवळ मुतखडे पाहणाऱ्या यूरॉलॉजिस्टलाही आपल्या सोनोग्राफी मशीनची नोंदणी करावी लागते आणि ते सहजी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येत नाही.

दरम्यान सावलीच्या जोडीला आणखी एक ‘दोष’ उपयोगी पडू लागला. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी डॉपलर पद्धत खड्यावर वापरली की तिथे रक्त नसतानाही लाल-निळ्या ठिपक्यांची लकाकणारी शेपटी उमटते. फ्रान्समधल्या रहमूनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिची नोंद केली. ती कशाने पडते यावर बरीच वर्षे मतभेद होते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने, मॉस्कोच्या ओलेग सापोझ्निकोव्ह यांच्या साथीने, २०१३ मध्ये पुरावे मांडले की खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या सूक्ष्म फटींत अडकलेले बुडबुडे ध्वनीच्या माऱ्याने थरथरतात आणि यंत्र त्यालाच हालचाल समजते. सावली न पडणारे बारीक खडेही या शेपटीवरून सापडतात.

त्याच गटाने पुढे ध्वनीचा जोर जरा वाढवला आणि कातडीवर टेकवलेल्या प्रोबने खडा किडनीच्या आतल्या आत ढकलून पाहिला. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत १५ जण होते. त्यांतल्या १४ जणांचे खडे जागेवरून हलले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. चौघांच्या बाबतीत अनपेक्षित काहीतरी दिसले. तपासणीत एकच मोठा दगड वाटत होता, ज्यासाठी कदाचित ऑपरेशन सांगितले गेले असते. धक्का बसताच तो विखुरला. तो बारीक खड्यांचा ढीग होता, आणि त्यातला प्रत्येक खडा लघवीवाटे आपोआप पडून जाण्याएवढा लहान होता.